तिकीट फाटकापर्यंतचंच

मे महिना सरला, शाळा उघडल्या आणि सोलापुरात धर्मवीर संभाजी तलावाच्या काठी सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत दरवर्षीचा वाद पुन्हा पेटला. यंदा निमित्त झालं आमच्यातल्याच एका कुटुंबाच्या सिंगापूर सहलीचं. सहा माणसं, सहा दिवस आणि तीन वर्षं भिशीत साठवलेले पैसे. परत आल्यावर त्या घरच्या सूनबाई एवढंच म्हणाल्या, "फोटो चांगले आलेत, बाकी सांगण्यासारखं काही नाही." सहलीतला एक अख्खा दिवस थीम पार्कचा होता आणि सगळ्यांत मोठा हिरमोड त्याच दिवशी झाला होता. लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, हे पार्क म्हणजे निव्वळ लूट. तीन मिनिटांच्या पाळण्यासाठी दीड तास उभं करायचं आणि वर पाण्याच्या बाटलीचे अव्वाच्या सव्वा पैसे घ्यायचे. त्यापेक्षा आपला गड्डा, संक्रांतीची जत्रा, काय वाईट? दुसरा तट म्हणाला, लूट वगैरे काही नाही, आपल्या लोकांना मौज करायची सवयच नाही. जातील तिथं भाव विचारतील, शेंगाचटणीची आठवण काढतील आणि तोंड पाडून परत येतील.

मला दोन्ही तट चुकलेले दिसतात, आणि दोघांची चूक एकच आहे. पैसे मोजले की मजा आपल्या नावावर झाली, असं दोघंही धरून चालतात. मग ती मिळाली नाही तर एकाच्या मते विकणारा लबाड आणि दुसऱ्याच्या मते घेणारा करंटा. माझं म्हणणं असं आहे की थीम पार्कचं तिकीट फक्त फाटकापर्यंतचं असतं. आतला दिवस त्यात येत नाही. तो दिवस घरच्या माणसांनी आधी एकत्र बसून ठरवावा लागतो, आणि त्यातलं मुख्य काम म्हणजे काय सोडायचं ते ठरवणं. जे कुटुंब हे न करता जातं ते बहुतेक वेळा हिरमुसून परत येतं, पार्क कितीही उत्तम असला तरी.

गड्ड्याचा दाखला दिला जातो, तर गड्ड्यापासूनच सुरुवात करू. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, होम मैदानावर पाळणे लागतात. तिथं प्रत्येक गोष्टीचं तिकीट वेगळं. आकाशपाळण्याचं वेगळं, ब्रेक डान्सचं वेगळं, मौत का कुआँचं वेगळं. पोराच्या हातात ठरावीक पैसे असतात आणि ते मुठीत धरून त्याला विचार करावा लागतो की उंच जायचं की गरगर फिरायचं. एकदा निवडलं की जे घेतलं ते आपलं आणि जे राहिलं ते पुढच्या संक्रांतीला. गड्ड्यावरून फसल्यासारखं वाटून कुणी घरी येत नाही. ते गड्डा स्वस्त आहे एवढ्यामुळं, असं मला वाटत नाही. गड्डा प्रत्येक पावलाला निवड करायला लावतो, हे त्याचं खरं कारण आहे.

आता गंमत बघा. कॅलिफोर्नियात अनाहाइमला 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडलं, तेव्हा तिथलीही रीत गड्ड्यासारखीच होती. आत जायचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून कुपनांच्या वह्या निघाल्या. 'ए' कुपनावर साध्या गमती, पुढची अक्षरं तशी वरच्या दर्जाची. 1959 मध्ये सर्वांत भारी राइडसाठी 'ई' कुपन आलं. वहीत 'ई'ची कुपनं मोजकीच असायची. म्हणजे आई-बापाला आणि पोरांना तिथंच, वही हातात धरून, ठरवावं लागायचं की ही चार-पाच कुपनं कुठं खर्चायची. 1982 मध्ये या वह्या बंद झाल्या आणि एका तिकिटात सगळं खुलं झालं. आज जगभरातले जवळपास सगळे मोठे पार्क याच पद्धतीनं चालतात.

ग्राहकाच्या दृष्टीनं ही सोय झाली, यात शंका नाही. सारखं पाकिटात हात घालायचं संपलं. पण त्यातून एक भ्रमही तयार झाला, आणि तलावाकाठच्या आमच्या वादाचं मूळ तिथं आहे. पैशाची टंचाई गेली, पण वेळेची टंचाई होती तिथंच राहिली. कुपनांची वही सांगायची, तुझ्याकडं एवढंच आहे, जपून वापर. एकरकमी तिकीट सांगतं, सगळं तुझं आहे. माणूस नकाशा उघडतो, त्यावर वीस-पंचवीस चित्रं दिसतात आणि त्या सगळ्यांचे पैसे आपण भरलेत असं त्याला वाटतं. संध्याकाळी त्यातली चार पदरात पडलेली असतात आणि उरलेली एकवीस बुडाल्यासारखी वाटतात. गड्ड्यात चार पाळण्यांत बसलेलं पोर खुशीत घरी येतं, आणि कितीतरी पट खर्चून चार राइड केलेलं कुटुंब लुटल्यासारखं परततं. आकडा तोच चार. मग फरक कुठून आला?

चारच राइड का होतात, तेही पाहायला हवं, कारण 'मुद्दाम रांगा लावतात' हा आरोप फार सहज केला जातो. मोठ्या राइडवर तासाला साधारण हजार ते दोन हजार माणसं बसू शकतात. गाड्या तेवढ्याच, पट्टे तपासायला लागणारा वेळही तेवढाच. समजा, पार्कात वीस हजार माणसं आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना तीच नावाजलेली राइड हवी आहे. तासाला दीड हजार या वेगानं दहा हजार माणसं बसवायला जवळजवळ सात तास लागतील. ही रांग साध्या भागाकारातून निघते, त्यासाठी कुणाला कट करावा लागत नाही. मात्र तो भागाकार दिवसभर सारखा नसतो. दारं उघडल्यावर पहिल्या तास-दीड तासात आत माणसं कमी असतात आणि त्या वेळात जी मोठी राइड पंधरा-वीस मिनिटांत होते, तिलाच दुपारी बारा वाजता सव्वा तास लागतो. आता आपल्या लोकांचा दिवस आठवा. हॉटेलात नाश्ता फुकट म्हणून तो सावकाश, पोटभर. सगळी मंडळी खाली जमेपर्यंत साडेनऊ. बस फिरत फिरत पोचते तेव्हा अकरा वाजलेले. फाटकासमोर फोटो, मग आत शिरल्या शिरल्या पहिलं दुकान. खऱ्या अर्थानं पाय मोकळे होतात तेव्हा बारा, आणि सहाला बस परत निघणार. जो वेळ सोन्यासारखा होता तो नाश्ता आणि सेल्फीत गेला, आणि हे त्या कुटुंबाला कुणी सांगितलेलंही नव्हतं.

हे मी तटस्थपणे सांगत नाही. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका पार्कात आमच्या घरानं असाच एक दिवस घालवला. मी, बायको, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. जी राइड मुलांनी घरून निघताना घोकली होती, तिच्या रांगेत आम्ही सत्तर मिनिटं उभे होतो. वर पोचल्यावर तिथल्या मुलीनं एक रंगीत काठी माझ्या मुलाच्या शेजारी उभी धरली. काठीच्या खुणेला त्याचं डोकं दोन बोटं कमी पडलं. त्यानं टाचा उचलल्या. तिनं हसून, अगदी हळुवार हातानं त्याचे खांदे खाली दाबले आणि मान हलवली. तो रडला नाही; काठीकडं बघत राहिला. तशीच खूण खाली रांगेच्या तोंडाशीही होती, आम्ही तिच्यासमोर फोटो काढला होता. बायको त्याला घेऊन बाहेर पडली, मी आणि मुलगी बसलो. बाहेर आलो तेव्हा फलकावर ऐंशी मिनिटं लागली होती. "जाऊ दे, मला कुठं एवढी हौस," बायको म्हणाली. तिला हौस होती. परत आल्यावर कितीतरी दिवसांनी कळलं की मोठ्या पार्कांमध्ये नेमकी यासाठीच सोय असते: एक पालक लहान मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो आणि मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता सोडतात. दारावरच्या माणसाला एक वाक्य विचारायचं होतं.

आणि आई. ती एका झाडाखालच्या बाकावर अकरापासून बसली होती, सगळ्यांच्या पिशव्या, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन. "मी इथंच बसते की, माझी नका काळजी करू," म्हणाली आणि आम्ही खरंच केली नाही. संध्याकाळी बसमध्ये तिनं सहज विचारलं, "ती मिरवणूक निघते म्हणत होते, ती किती वाजता असते रे?" मिरवणूक आमची बस सुटल्यावर होती. त्या दिवसात आईला पाहायचं होतं असं एकच काही होतं, आणि सोलापुरातून निघायच्या आधी किंवा पार्कात शिरताना आमच्यापैकी एकानंही तिला विचारलं नव्हतं. रांगेचा राग दोन दिवसांत गेला. हे अजून गेलेलं नाही.

आता विरुद्ध बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करतो. पहिली गोष्ट, पार्कवाले साधेभोळे नाहीत. 1999 मध्ये डिस्नेनं अमेरिकेतल्या आपल्या पार्कांत फास्टपास आणला. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यायची, त्या वेळी यायचं आणि छोट्या रांगेतून आत जायचं. त्याला वेगळे पैसे नव्हते. 2021 मध्ये त्याच्या जागी पैसे देऊन घ्यायची सेवा आली. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या पार्कातही एक्सप्रेस पास वेगळा विकत मिळतो. तिकिटाचे दरही बऱ्याच ठिकाणी तारखेप्रमाणं बदलतात. म्हणजे ज्या वेळेच्या टंचाईबद्दल मी बोलतोय, तिचाच आता बाजार मांडला गेला आहे. ज्याच्याकडं जास्त पैसे त्याची रांग छोटी आणि बाकीच्यांची त्यामुळं आणखी लांब. हे मला पटत नाही, आणि 'तयारी करून गेलात की सगळं ठीक' असं म्हणून त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही.

पण यातून 'सगळीच लूट' हा निष्कर्ष निघतो का? लूट ती, जिथं आधी एक सांगितलं जातं आणि नंतर दुसरंच निघतं. उंचीच्या अटी, बंद असलेल्या राइड, मिरवणुकीची वेळ, एक्सप्रेस पासची किंमत हे सगळं पार्क स्वतःच आधी जाहीर करतात. पार्कांनी पहिल्या अनुभवातून शिकून हे उभं केलं आहे. डिस्नेलँडच्या त्या पहिल्या दिवशी खोट्या निमंत्रणपत्रिका छापून लोक आत घुसले, सुमारे 28 हजार माणसं झाली, उन्हानं नुकतंच घातलेलं डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा रुतल्या आणि नळकामगारांच्या संपामुळं प्यायच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. त्या दिवशी तयारी नव्हती ती पार्कची. पुढच्या सत्तर वर्षांत त्यांनी रांग कशी वळवायची, सावली कुठं द्यायची, थांबायचा वेळ फलकावर कसा लावायचा, हे सगळं आखून घेतलं. समोरचा इतक्या तयारीचा असताना आपण तसेच हात हलवत जावं, हे मला शहाणपणाचं वाटत नाही. आणि एक्सप्रेस पासचंच बोलायचं तर तो सगळ्यांत जास्त कुणाला घ्यावा लागतो? जो अकराला पोचतो त्याला. दारं उघडताना हजर असलेल्या कुटुंबाची अर्धी गरज पहिल्या तासातच भागलेली असते.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. लोक म्हणतात, सुट्टी म्हणजे काय परीक्षा आहे का अभ्यास करून जायला? वर्षभर गिरणीत, यंत्रमागावर, बँकेत, शाळेत घड्याळाच्या काट्यावर नाचायचं आणि सुट्टीतही वेळापत्रकच? खरं आहे. तक्ता हातात घेऊन पोरांना या राइडवरून त्या राइडवर पळवणारे बापही मी पाहिलेत आणि त्यांच्या पोरांचे चेहरे काही आनंदी नव्हते. ती तयारी मला अभिप्रेत नाही. पण 'तयारी केली की मौज मरते' हे आपल्या मातीत तरी खरं नाही. आषाढीच्या वारीएवढा आनंदाचा सोहळा आपल्याकडं दुसरा कुठला? आणि तिच्याएवढी आखीवरेखीव गोष्ट तरी दुसरी कुठली? कुठली दिंडी रथापुढं, कुठली रथामागं, तिचा क्रमांक कितवा, आज दुपारचा विसावा कुठं, मुक्काम कुठं, रिंगण कुठल्या गावी, सगळं ठरलेलं. माउलींच्या पालखीला ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी लावली आणि आजही तिच्यावरच सोहळा चालतो. आजचा मुक्काम कुठं हे ठाऊक असल्यामुळं वारकऱ्याचा अभंग कमी रंगतो का? उलट उद्याची काळजी दुसऱ्यानं वाहिली आहे म्हणून तो मोकळेपणानं गातो. सिद्धेश्वराच्या यात्रेतही तेच. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, बाराबंदी घातलेल्या माणसांच्या खांद्यावरून डौलात जाताना दिसतात, पण तो डौल यात्रेच्या कितीतरी आधी सुरू झालेल्या सरावातून येतो. सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षतेला संमती कट्ट्याजवळ कुठं उभं राहायचं आणि दारूकामाला होम मैदानावर किती वाजता पोचायचं, हे जुन्या सोलापूरकराला पाठ असतं.

म्हणूनच 'आपल्या लोकांना जमतच नाही' हे दुसऱ्या तटाचं म्हणणं मी साफ नाकारतो. सोलापूरच्या पूर्व भागातली कितीतरी तेलुगू घरं तिरुपतीला जातात. 300 रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाचं तिकीट ऑनलाइन कधी सुटणार, हे त्यांना महिनाभर आधी ठाऊक असतं. त्या दिवशी घरातली तीन पोरं तीन मोबाइल घेऊन बसतात. आधार कार्डांचे नंबर लिहून ठेवलेले असतात. चप्पल कुठं सोडायची, मोबाइल कुठं जमा करायचा, म्हाताऱ्या माणसांची वेगळी सोय कुठं, लाडू कुठल्या काउंटरवर, सगळं तोंडपाठ. हीच घरं थीम पार्कात जाताना मात्र काहीच न विचारता निघतात. मग दोष 'आपल्या लोकांच्या' स्वभावात कसा? तिरुपतीचं ज्ञान शेजारी, मामा, आत्या, आधी जाऊन आलेलं कुणीतरी देतं. पिढ्यान् पिढ्या ते साठलेलं आहे. पूर्वी काशीला, गयेला, त्र्यंबकेश्वराला गेलेल्या माणसाला क्षेत्रोपाध्ये भेटायचा, वही उघडून त्याच्या पणजोबाचं नाव दाखवायचा आणि पहिल्यांदा कुठं स्नान, मग कुठलं दर्शन, हा क्रम सांगायचा. त्या व्यवस्थेत पिळवणूकही होती, ती नाकारायचं कारण नाही. पण नवख्या माणसाला क्रम सांगणारं कुणीतरी असायलाच हवं, हे त्या काळानं ओळखलं होतं. थीम पार्कला आपली ही पहिलीच पिढी जाते आहे आणि तिला क्रम सांगणारं कुणी नाही.

इथं कुणी म्हणेल, वारी आणि तिरुपतीची उदाहरणं लागू नाहीत, तिथं श्रद्धा असते. गाभाऱ्यापर्यंत पोचता आलं नाही तर वारकरी नामदेव पायरीला हात लावून, कळसाचं दर्शन घेऊन समाधानानं परततो. पार्कात कळसाला कोण हात जोडणार? आक्षेप बरोबर आहे, आणि श्रद्धा विकत घेता येत नाही हेही मान्य. पण त्या वारकऱ्याकडं श्रद्धेइतकंच आणखी एक असतं. गर्दी असेल, पदस्पर्श मिळणार नाही, मुखदर्शन किंवा कळस यावर भागवावं लागेल, हे त्यानं घरून निघतानाच स्वतःशी ठरवलेलं असतं. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर तो आधीच चालून आलेला असतो. हे करायला देव लागतो असं नाही, घरच्यांनी एक संध्याकाळ एकमेकांना द्यावी लागते.

सगळ्यांत जास्त मी ज्यांच्यावर नाराज आहे ते मात्र मधले लोक, म्हणजे सहल विकणारे. शाळेचा निकाल 1 मेला लागतो आणि आपली कुटुंबं त्याच आठवड्यात विमानात बसतात. त्याच सुमारास चीनमध्ये कामगार दिनाची सलग सुट्टी असते आणि हाँगकाँगच्या डिस्नेलँडकडं तिकडून लोंढे येतात. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा हा गोल्डन वीक. मेअखेरीपासून जूनभर सिंगापूरच्या शाळांना सुट्टी. हे गुपित नाही, धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी नवी पेठेत किंवा सात रस्त्यावर कुणा एजंटानं समोरच्या गिऱ्हाइकाला 'तुम्ही एक आठवडा थांबलात तर रांग निम्मी होईल' असं सांगितलेलं मी अजून ऐकलेलं नाही. सोलापूरकराला ऊन सोसतं, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत आम्ही वाढलोय, म्हणून सिंगापूरचे बत्तीस अंश ऐकून तो निर्धास्त होतो. पण आपला उन्हाळा कोरडा. तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, दुपारी दोनपर्यंत म्हातारी माणसं आणि लेकरं गळून जातात. विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात, हेही कुणी सांगत नाही.

परदेशच कशाला? इथून खोपोलीचा पार्क सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात, हैदराबाद तीनशेच्या आसपास. रात्री दोनला टेम्पो ट्रॅव्हलर निघते, कुणाचीच झोप होत नाही आणि सकाळी पार्कच्या दारात उतरलेली मुलं पहिल्या तासातच पेंगायला लागतात. वॉटर पार्कला पोचल्यावर कळतं की सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचाच पोशाख हवा. मग पुरुष आणि पोरं भाड्यानं घेऊन पाण्यात जातात आणि बायका 'आम्हाला नको बाई' म्हणत काठावर बसतात. रामोजी फिल्म सिटीला काही जण उंच पाळण्यांच्या आशेनं जातात. ती मुळात 1996 मध्ये उभी राहिलेली चित्रनगरी आहे, बसमधून सेट पाहत फिरायची जागा. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत चालत नाही, कडक भाकरी आणि चटणीचा डबा दारावरच ठेवावा लागतो आणि मग आतल्या दरांवर दिवसभर चरफड. यातली एकही गोष्ट महाग नाही की अवघड नाही. एका फोनवर कळणारी आहे. एजंटानं निघायच्या आठवडाभर आधी एक संध्याकाळ सगळ्या प्रवाशांना बोलावून मराठीत हे सांगितलं, तेलुगू घरांना तेलुगूत सांगितलं, तर त्याचा तास-दीड तास जाईल. लाखांनी पैसे घेणाऱ्यानं एवढं करणं त्याच्या कामाचाच भाग आहे, असं मला वाटतं, आणि गिऱ्हाइकानं ते मागून घ्यावं.

मात्र एजंट काही सांगो न सांगो, एक काम तो करू शकत नाही. आजीला काय हवंय, हे त्याला माहीत नसतं. कुणाला उंचीची भीती वाटते, कुणाचा गुडघा दुखतो, कुणी तोंडानं नको म्हणते पण मनातून हवं असतं, हे घरातच कळतं, तेही विचारलं तर. प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची, ती झालीच पाहिजे. बाकीचं सुटलं तर सुटलं. पाच माणसांच्या पाच गोष्टी एका दिवसात आरामात बसतात. पंचवीस चित्रांचा नकाशा कुणालाच पुरा होत नाही. आमच्या घरी ही यादी त्या दिवशी असती तर तिच्यात मिरवणूक असती आणि आम्ही बसवाल्याला सांगून टॅक्सीनं परतलो असतो.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचं कुटुंब दिवाळीत जायचं ठरवत होतं. आगाऊ रक्कम भरायची होती. मी टेप घेऊन गेलो. त्यांच्या नातवाला स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरली आणि पेन्सिलीनं खूण केली. 117 सेंटीमीटर. ज्या राइडसाठी तो महिनाभर घरात उड्या मारत होता, तिला 122 लागत होते. पोरानं खुणेकडं पाहिलं, मग आजोबांकडं. आजोबांनी विचारलं, "पोरगं वर्षाला किती वाढतं हो?" म्हटलं, या वयात साधारण पाच-सहा सेंटीमीटर. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी स्वतःच पेन्सिल घेतली, खुणेच्या वर पाच सेंटीमीटरवर आणखी एक रेघ मारली आणि पुढच्या दिवाळीला जायचं ठरवलं. निघताना मी आजींना विचारलं, तुम्हाला काय बघायचंय तिथं? त्या भाकरी थापत होत्या. "मला बोटीत बसवा की," त्या म्हणाल्या, "उंच नको." सूनबाईंनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी सुरू केली आणि पहिल्या ओळीवर बोट लिहिली.